नकाशातला बाण आणि घरातली हवा

शैक्षणिक वर्ष संपत आले की आर्किटेक्चरच्या महाविद्यालयांत ज्युरीचे दिवस येतात. रात्र-रात्र जागून केलेली शीट भिंतीवर लागतात, पुठ्ठ्याची मॉडेल टेबलावर मांडली जातात आणि बाहेरून आलेले वास्तुरचनाकार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतात. शहरी गृहनिर्माण हा या अभ्यासक्रमातला हमखास येणारा विषय. कुणी झोपडपट्टी पुनर्वसनाचा आराखडा केलेला असतो, कुणी गिरणगावातल्या चाळींच्या पुनर्विकासाचा, कुणी रेल्वे स्थानकाबाहेरच्या चौकाचा, तर कुणी नदीकाठाचा. ज्युरीत विचारणा होते ती संकल्पनेची, एफएसआयची, पार्किंगची, दर्शनी भागाची. या घरात राहणारा माणूस घरामुळे आजारी पडेल का, हा प्रश्न क्वचित निघतो. आणि एक जण आजारी पडला तर त्याच खोलीत झोपणाऱ्या बाकीच्या पाच जणांचे काय, हा तर त्याहून क्वचित.

हा प्रश्न डॉक्टरांचा, आर्किटेक्टचा नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. पण क्षयरोग, दमा, डेंग्यू, उष्माघात, वृद्धांचे पडणे, स्त्रियांमधले मूत्रमार्गाचे संसर्ग या साऱ्या तक्रारींचा एक धागा घराच्या आणि वस्तीच्या रचनेत गुंतलेला असतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत औषध लिहून देता येते. खिडकी लिहून देता येत नाही. ती ज्याच्या हातात असते तो आज कुठल्या तरी महाविद्यालयात चौथ्या-पाचव्या वर्षाला शिकतो आहे.

प्लेगने शिकवलेला नियम

मुंबईला हा धडा एकदा फार मोठी किंमत मोजून मिळाला होता. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली ती याच साथीत, जानेवारी १८९७मध्ये. १८९८मध्ये शहराच्या दाट वस्त्यांत रस्ते, उजेड आणि वारा आणण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ज्या चाळींना आजही लोक बीआयटी चाळी म्हणतात, त्या याच ट्रस्टच्या.

या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात एका साध्या नियमाचा आग्रह धरला. तो ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून ओळखला गेला. खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ ओढली, तर समोरच्या इमारतीने ती अडवता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर या कोनाचा अर्थ लगेच कळतो. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. एवढे अंतर असले की सर्वांत खालच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो.

ट्रस्टचे सगळेच काम वाखाणण्यासारखे नव्हते. सुरुवातीच्या काळात जितकी घरे पाडली तितकी बांधली गेली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या आधीच दाटलेल्या वस्त्यांत शिरली. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. इमारतीमधले अंतर हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक होते आणि त्यांनी त्यासाठी मोजता येईल असा आकडा ठरवला होता.

तीन मीटरची फट

आता शंभर वर्षे पुढे येऊ. मुंबईच्या एम-पूर्व प्रभागात, मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात, प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या मोठ्या पुनर्वसन वसाहती आहेत. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींत ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८मध्ये लोकांपुढे आले. तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती आणि काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर, अशी इथली रचना. जिथे इमारती दाटीने उभ्या होत्या, घरात उजेड आणि वारा कमी होता, तिथे क्षयरोगाचे रुग्ण असलेली घरे जास्त आढळली. खालच्या मजल्यांवरची स्थिती वरच्या मजल्यांपेक्षा वाईट होती. तुलनेने मोकळी रचना असलेल्या वसाहतीत हे प्रमाण कमी होते.

अशा पाहणीतून संबंध दिसतो. केवळ रचनेमुळेच रोग झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. गरिबी, अपुरे पोषण, गर्दी, तंबाखू, मधुमेह यांचाही क्षयरोगात मोठा वाटा असतो. पण या संबंधामागचे शास्त्र नवे नाही. क्षयरोगाचा रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. वारा वाहता असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात. थेट सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जंतू मारतात. उपचार सुरू झाले की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. मात्र निदान होईपर्यंतचे आठवडे, कधी महिने, तो घरातच खोकत असतो. त्या काळात घरच्यांना वाचवू शकेल असे फारसे काही नसते. जे असते त्यात खिडकी येते.

ऑर यांचा नियम इथे लावून पाहू. आठ मजली इमारतीची उंची साधारण २४ मीटर धरली, तर मधले अंतर १२ मीटर हवे. ते ३ मीटर असेल तर हा नियम फक्त वरच्या दोन मजल्यांपुरता पाळला जातो. खालच्या सहा मजल्यांवरच्या कुटुंबांसाठी तो पाळला जात नाही. प्लेगनंतर जे शहाणपण आले ते शतकभरात कुठे हरवले, याचे उत्तर नियमावलीत आहे. पुनर्वसनाच्या योजना परवडाव्यात म्हणून मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या गेल्या आणि एफएसआय वाढत गेला. शासन एका खात्यातून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा १००० रुपये देते, आणि दुसऱ्या खात्याच्या मंजुरीने त्याच माणसाला वारा नसलेली खोली मिळते.

बाण आणि बंद दार

यात विद्यार्थ्यांचा काय दोष, असे कुणी विचारील. दोष नाहीच. नियम ते करत नाहीत, जमिनीचा भाव ते ठरवत नाहीत. पण पाच वर्षांच्या या शिक्षणात ज्या सवयी लागतात, त्याच पुढे परवानगीच्या नकाशांवर सही करताना हाताशी असतात. आणि महाविद्यालय ही अशी जागा आहे जिथे डोक्यावर बिल्डर नसतो, विक्रीचा ताण नसतो. योग्य प्रश्न इथे विचारायचा नाही तर कुठे?

विद्यार्थ्यांच्या शीटवर हवा दाखवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. निळे बाण खिडकीतून आत येतात, खोली ओलांडून मुख्य दारातून पॅसेजमध्ये जातात. झाले क्रॉस-व्हेंटिलेशन. आता हाच बाण रात्री अकराला पाहावा. मुख्य दार बंद आहे, कारण बाहेर पॅसेज आहे आणि घरात मुली झोपल्या आहेत. खिडकीला जाड पडदा आहे, कारण ३ मीटरवर समोरच्याची खिडकी आहे. खिडकीच्या जाळीत स्वयंपाकाचे डबे, जुनी सायकल आणि पाण्याचा कॅन आहे, कारण २२५ चौरस फुटांत सामान ठेवायला दुसरी जागा नाही. दोरीवर ओले कपडे आहेत. कागदावर वाहणारा बाण प्रत्यक्षात दोन्ही टोकांना अडला आहे. हवेचा खरा प्रश्न अशा वेळी आडोशाचा आणि सामानाचा असतो. जो विद्यार्थी पडदा न ओढता आडोसा मिळेल अशी खिडकी काढेल, दाराच्या वर बंद न करता येणारा झरोका ठेवील, डब्यांसाठी भिंतीत फळी देईल, त्याने क्षयरोगाविरुद्ध खरे काम केले.

जुन्या इमारतींना यातले बरेच कळत होते. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत हवा मोजून २००७मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. उपचार न झालेल्या क्षयरुग्णांच्या २४ तासांच्या सहवासात इतरांना संसर्ग होण्याचा धोका संशोधकांनी गणिताने काढला. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत तो ३९ टक्के निघाला, नव्या धाटणीच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांत ३३ टक्के, आणि १९५०पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत अवघा ११ टक्के. उंच छत आणि समोरासमोरच्या मोठ्या खिडक्या यांना वीज लागत नाही आणि त्या बंद पडत नाहीत.

हवेसारखीच बाकीची शरीरेही नकाशातून गळतात. शीटवरच्या घरात एक डबल बेड, दोन जणांचा सोफा आणि कुंडी असते. प्रत्यक्ष घरात सहा माणसे असतात, मोरी असते, गॅसची शेगडी असते आणि पाणी दिवसातून एकदाच येत असल्याने झाकण नीट न बसणारी पिंपे असतात. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पिंप नकाशात काढले तर त्याची जागा आणि झाकण यांचा विचार होईल. न काढले तर ते कुठे तरी येऊन बसणारच. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर घरात उष्णता सोडतो. उन्हाळ्यात वृद्धांना आणि हृदयरोग्यांना रात्रीचा हा उकाडा जास्त सोसत नाही. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरची गुडघेदुखीची आजी महिना-महिना खाली उतरत नाही, आणि डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावे लागते. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरते का, हे तपासायला पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये दोन मिनिटे लागतात.

घराबाहेरची जागा

मधुमेह, रक्तदाब, स्थूलपणा यांच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टर सांगतात, रोज चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. पण चालायचे कुठे? केंद्र सरकारच्या २०१४च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत ती एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका सतरंजीपेक्षाही कमी. जी आहे तिला कुंपण आहे, आणि फाटक बहुधा दुपारी बंद असते.

सार्वजनिक जागांचे विद्यार्थी-प्रकल्प कागदावर देखणे असतात. पायऱ्या-पायऱ्यांचे खुले रंगमंच, कारंजी, फरसबंदीचे विस्तीर्ण चौक. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात त्या फरसबंदीवर दुपारी कोण बसणार, याचा विचार त्यात नसतो. वृद्धाला चालताना दर काही अंतरावर टेकायला बाक लागतो, आणि उठताना आधाराला बाकाचा हात. लहान बाळाच्या आईला सावली लागते. भाजीवाल्या बाईला, रिक्षा चालवणाऱ्याला, शाळकरी मुलीला स्वच्छतागृह लागते. ते नसले की बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात, आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा यांसाठी ओपीडीत येतात. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११पासून याच मागणीसाठी लढते आहे. चौकाच्या आराखड्यात कारंजे आधी आणि स्वच्छतागृह नंतर, कोपऱ्यात, अंधारात, असा क्रम असेल तर तो चौक निम्म्या शहरासाठी नाहीच.

सरकारी रुग्णालयांचे आवार हीदेखील मोठी सार्वजनिक जागा आहे, पण तिचा विचार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत फारसा दिसत नाही. बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक जिन्याखाली, झाडाखाली, पॅसेजमध्ये आठवडे काढतात. तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, तिथेच आजारी पडतात. त्यांच्यासाठी निवारा, न्हाणीघर, चूल आणि कपडे वाळवायची जागा यांचा नीट केलेला आराखडा कुठल्याही संग्रहालयाच्या आराखड्यापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडेल. फिनलंडमधले पाइमिओचे क्षयरोग सॅनेटोरियम १९३३मध्ये सुरू झाले. त्याचे वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांनी खोलीकडे पलंगावर पडलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले. छताला डोळ्यांना त्रास न देणारा रंग दिला आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून पाणी पडताना आवाज न होणारे बेसिन केले. पडून पाहणे ही गोष्ट कोणत्याही विद्यार्थ्याला फुकट करता येते.

ज्युरीत आणखी एक खुर्ची

वर्गातल्या कामातून खरी घरे उभी राहतात, याचे दाखले आहेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६७पासून वास्तुरचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी स्वतः आराखडा करून इमारत बांधतात, आणि गेली अनेक वर्षे न्यू हेवन शहरातली परवडणारी घरे हाच त्यांचा विषय आहे. चिलीतल्या इकिके शहरात २००४मध्ये ९३ कुटुंबांसाठी उभ्या राहिलेल्या ‘किंता मॉनरॉय’ वसाहतीचे मूळ आलेहांद्रो आरावेना हार्वर्डमध्ये शिकवत असताना सुरू झालेल्या कामात आहे. अपुऱ्या पैशांत सरकारने निम्मे घर, पण स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना असे अवघड तेवढे सगळे नीट बांधून द्यावे आणि उरलेले कुटुंबाने सवडीने वाढवावे, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सुमारे ६,५०० भूखंडांची आखणी केली, तेव्हा सर्वांत गरीब कुटुंबाला आधी मिळाली ती जोते, संडास आणि पाणी. चार्ल्स कोरिया यांच्या बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरे एका छोट्या अंगणाभोवती आहेत आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. त्यामुळे घर वाढवताना शेजाऱ्याची हवा अडत नाही. तिथली अनेक मूळ घरे आता पाडून मोठी बांधली गेली आहेत, हेही विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे. घर वीस-तीस वर्षांत काय होते, हे नव्या कोऱ्या मॉडेलमध्ये कधीच दिसत नाही.

तेव्हा करायचे काय? चार गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, गृहनिर्माणाच्या ज्युरीत आरोग्य क्षेत्रातल्या एका माणसाला बसवावे. तो बडा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती यांना कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर खोकला जास्त आहे हे नेमके ठाऊक असते, आणि नकाशातली बंद खोली त्या पटकन ओळखतील.

दुसरी, आराखड्यासोबत आरोग्याचा एक पानभर हिशेब अनिवार्य असावा. सर्वांत वाईट घर कोणते, त्याच्या खिडकीतून आकाश किती दिसते, मुख्य दार बंद असताना हवा कुठून येते आणि कुठून जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांचे उघडे क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश तरी असावे, असे म्हटले आहे. ते आहे का. गुण सरासरी घराला न देता सर्वांत खालच्या, कोपऱ्यातल्या घराला द्यावेत.

तिसरी, ‘साइट व्हिजिट’ रिकाम्या भूखंडाबरोबरच राहत्या इमारतीचीही व्हावी, आणि तीही रात्री. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आता महाविद्यालयाला सहज परवडते. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत ४२०च्या आसपास असतो; माणसे झोपलेल्या खोलीत आकडा हजाराच्या वर चढत गेला की हवा बदलत नाही, हे कळते. कुटुंबाच्या संमतीने, नावे न लिहिता, अशा नोंदी दरवर्षी केल्या तर काही वर्षांत शहराकडे आज नसलेली माहिती जमा होईल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विद्यार्थ्यांना सगळे नवेच रचायला सांगू नये. ३ मीटरच्या फटी असलेल्या इमारती उभ्या आहेत आणि पुढची पन्नास वर्षे त्यांत माणसे राहणार आहेत. त्या कशा सुधारायच्या, हा खरा प्रकल्प आहे. पॅसेजची भिंत कुठे फोडता येईल, जिन्याला झरोका कुठे देता येईल, समोरच्या भिंतीला पांढरा रंग देऊन तळमजल्यावर किती उजेड पोहोचेल, डक्टमधला कचरा येणार नाही अशी रचना कशी होईल? नटवर पारेख कंपाउंडमध्ये ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ने रहिवाशांना सोबत घेऊन मोकळ्या जागा सुधारण्याचे काम करून दाखवले आहे. असे काम महाविद्यालयांनी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाशी जोडून घेतले तर प्रत्येक वसाहतीला एक शाळा मिळेल आणि प्रत्येक शाळेला एक वसाहत.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, आरोग्याचा आणखी एक विषय कुठे घालायचा, अशी अडचण सांगितली जाईल. वेगळा विषय नकोच. वेगळा पेपर झाला की तो पाठ होतो आणि विसरला जातो. प्रश्न ज्युरीच्या भिंतीसमोर विचारला गेला पाहिजे, निळ्या बाणावर बोट ठेवून: रात्री हे दार बंद केल्यावर हा वारा कुठे जातो?

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा रुग्ण भारतातला आहे. औषधे आहेत, तपासण्या आहेत, कार्यक्रम आहे. पण बरा झालेला रुग्ण परत त्याच खोलीत झोपायला जातो, आणि त्याच खोलीत त्याची मुलेही झोपतात. ती खोली कुणी तरी काढलेली असते आणि कुणी तरी मंजूर केलेली असते. पुढची खोली आज एखाद्या विद्यार्थ्याच्या शीटवर आहे, आणि तिथली भिंत अजून खोडरबराने पुसता येते.